विसण

उज्ज्वला गरम पाण्याचं पातेलं बादलीत रिकामं करणार, तोच सासूबाईंनी तिचा हात धरला.

“आज गार आधी घे,” त्या म्हणाल्या. “ऊन वरून.”

बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याला, मुकुंदला, जमिनीवर निजवलं होतं. पहाटे झोपेतच गेला तो. त्याला शेवटची अंघोळ घालायला आलेले शेजारी पाण्यासाठी खोळंबले होते.

या पाण्यावरून दोघींचं वर्षानुवर्षं वाजत आलं होतं. जिवंत माणसासाठी ऊन पाण्यात गार पाण्याचं विसण घालायचं. गार पाण्यावर ऊन ओततात ते मेलेल्यासाठी, असं सासूबाई बजावायच्या. उज्ज्वला शाळेत विज्ञान शिकवायची. ती हटकून गार पाणी आधी घ्यायची. “आई, कसंही ओतलं तरी कोमटच होतं. एकदा मिसळलं की आधी कुठलं ओतलं हे पाण्याला आठवत नाही.”

“तुमचं मिटेपर्यंत मी पारोसाच,” मुकुंद न्हाणीघराच्या दारातून म्हणायचा.

मिसळलेलं पाणी पुन्हा आपोआप वेगळं होत नाही, हे तिने कितीतरी वर्गांना शिकवलं होतं. आज मिसळायलाच हात धजेना. अखेर तिने नळ सोडला, गार पाण्यावर ऊन पाणी ओतलं. थोडी वाफ आली आणि विरून गेली.

सासूबाई बादलीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “फार कढत नाही ना झालं? त्याला सोसत नाही गं.”

उज्ज्वलाने कोपर बुडवून पाहिलं आणि तांब्याभर विसण घातलं.