डॅम्प केक

“हा आपला पोरगा नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन नवऱ्यासमोर धरला.

अनोळखी नंबर. फोटो नाही. मेसेज एवढाच होता: ‘आई, हा माझा नंबर. आज तुझा केक करून बघितला, मस्त मॉइस्ट झालाय. रविवारी घरी येऊ का?’

“तोच असणार. केकचं आणखी कोणाला माहीत आहे?”

“अहो, मॉइस्ट लिहिलंय!”

नवऱ्याच्या डोक्यात काही उजेड पडला नाही. गळक्या भिंती दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला. जिथे ओल तिथे डॅम्प, एवढंच त्यांचं इंग्रजी. घरात तेच ऐकून पोरानं शाळेतल्या निबंधात ठोकून दिलं होतं, ‘माझ्या आईचा केक डॅम्प असतो.’ इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचा मुलगा! शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली होती.

“दोन्ही ओलसरच ना पण?”

“भिंत डॅम्प, केक मॉइस्ट. एक ओल नकोशी, एक हवीशी. तुमच्या डोक्यात शिरत नाही आणि त्याच्याही नाही.”

बापाशी कडाक्याचं भांडून तो दूरच्या शहरात निघून गेला, तेव्हा बाईंनी अन्नपाणी टाकलं होतं. मग एकदाचे एका नव्या नंबरवरून त्याचे मेसेज यायला लागले. फोन उचलायचा नाही, पण मेसेज न चुकता करायचा. केकची आठवण काढली की डॅम्पच लिहायचा. बाई चूक सुधारून पाठवायच्या आणि दिवसभर खुशीत असायच्या.

“शिकला असेल आता,” नवरा म्हणाला. “तू ये म्हण त्याला.”

“स्वतःच्या घरी कोणी विचारून येतं का? कोणीतरी लुच्चा आहे. नाहीतर त्याचंच काही बरंवाईट...” बाईंनी फोन मागे घेतला. “ब्लॉक करते.”

“नको!” नवरा ओरडलाच. “अगं, खरंच तोच असला तर?”

“तुम्ही भोळे सांब. बरं, आधी त्याच्या नेहमीच्या नंबरवर विचारते.”

नवऱ्यानं त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला. बाईंनी तो झिडकारला आणि घाईघाईनं लिहिलं, ‘राजा, सुखरूप आहेस ना?’

नवऱ्याचा फोन समोर टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. बाईंनी मेसेज पाठवला, आणि नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात दुसरा फोन थरथरला.