पिशवी जागेवर आहे

धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्याच वर्षी जाऊबाईंच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. आम्ही दोघी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होतो. दिवसभर हाताखाली रक्ताच्या चादरी असायच्या, त्यामुळे जाऊबाईंच्या कपड्यांवरचे डाग कुणाच्या नजरेत आले नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवीच काढून टाकू."

जाऊबाई म्हणाल्या, "घर गळतं म्हणून कुणी पाडतं का, बाई? मला अजून मूल व्हायचंय."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "बरं, गाठीच काढते. पण रक्त थांबलं नाही, तर पिशवी वाचणार नाही."

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यातली मोठी गाठ तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी होती. एवढं पोटात घेऊन ही बाई माझ्यासोबत ओल्या चादरी पिळत होती.

"आणि पिशवी?" मी कसंबसं विचारलं.

"जागेवर आहे. मी शिवत होते आणि ती माझ्या हातातच आवळत, लहान होत गेली. रक्त थांबलं."

मी नुसते हात जोडले.

पुढे त्याच पिशवीत लेक वाढली. गेल्या हिवाळ्यात, एका सकाळी, त्या लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून जाऊबाई वारल्या.