पुढचा शब्द

स्पीच थेरपिस्टने कपाचं चित्र दाखवलं. “हा घोडा आहे का?”

“हो,” दिगंबरराव म्हणाले.

पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. दोन महिन्यांत परत आला तो एवढाच शब्द. तेवढ्यावर विमलताईंनी बरंच उरकून घेतलं. स्वतःसाठी स्कूटी घेतली आणि नवऱ्याने आठ वर्षं अडवलेलं मुलीचं लग्नही ठरवलं. लग्नाच्या बैठकीत व्याह्यांनी तीनदा विचारलं, “मुलगा पसंत आहे ना?” दिगंबररावांनी तीनदा, डोळे लाल करून, सगळ्यांसमोर होकार दिला.

“आता ‘नाही’ शिकवू,” थेरपिस्ट म्हणाली. “पंधरा दिवसांत येईल.”

“राहू दे गं, आधी लग्न होऊन जाऊ दे,” विमलताई म्हणाल्या. “चाळीस वर्षं त्यांना तेवढंच येत होतं.” मग नवऱ्याच्या अंगावरची शाल सारखी करत त्यांनी विचारलं, “चालेल ना?”

“हो,” दिगंबरराव म्हणाले, आणि संतापाने त्यांच्या उजव्या हाताची मूठ वळली.

थेरपिस्ट बघतच राहिली. “काकू, हात हलला.”

विमलताईंनी ती मूठ कौतुकाने हातात घेतली.

“चला, म्हणजे कन्यादानाची काळजी मिटली.”