कापलेली चार मिनिटं

“घाबरू नकोस ठकू, आता दगड सरकतो बघ.” बत्तीस वर्षांपूर्वीचा बाबांचा आवाज. थिएटरच्या कॅबिनमधला, प्रोजेक्टर मशीनच्या घरघरीवर चढवलेला. आणि खरंच पडद्यावर भुयाराच्या तोंडचा दगड सरकायचा.

आज टीव्हीवर तोच दगड सरकला, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. ते खुर्चीत बसले होते. उजवा पाय लेकीच्या मांडीवर होता. कोमट पाण्यात बुडवून नखं मऊ झाली होती आणि ती खाली चटईवर बसून एकेक नख कापत होती.

दुपारी मावशीचा फोन आला होता. तुझी आई गेली. उद्या दहाला नेणार. चारची बस धरलीस तर पोचशील.

“जमायचं नाही मावशी,” ती म्हणाली होती आणि बाबांच्या पायांसाठी पाणी तापत ठेवलं होतं. रडू आलं नाही. यायला हवं होतं, असंही वाटलं नाही. फोन कोणाचा ते बाबांनी विचारलं, तिनं सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी टीव्ही लावला. हा सिनेमा नेमका लागला होता.

जमिनीखाली शहर, शहराखाली भुयार, भुयाराच्या पोटात पेटी. पेटीच्या मागे निघालेले एक नवरा, एक बायको आणि वर उन्हात सामान घेऊन उभं एक गाढव.

“मशाल बघा बाबा. दोन दिवस झाले, तेल नाही, काही नाही.”

“गाढव बरं काम करतं,” बाबा म्हणाले. “हिरोपेक्षा.”

तिला सगळं पाठ होतं. आई घर सोडून गेली त्या वर्षी हा सिनेमा अकरा आठवडे चालला. घरी कोणी नसायचं, म्हणून शाळा सुटली की ती कॅबिनमध्ये. बाबा सिनेमा चालवायचे, ती स्टुलावर चढून भिंतीतल्या चौकोनातून बघायची. पेटी सापडायची. मग पडदा एकदा दचकल्यासारखा व्हायचा आणि लगेच नवरा एकटाच बाहेर उन्हात, गाढवाच्या पाठीवर पेटी बांधताना.

“बाई कुठे गेली?” तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“तिला तिथलंच आवडलं. राहिली.”

त्यानंतर तिनं त्या बाईबद्दल विचारलं नाही. आईबद्दलही नाही.

आता टीव्हीवर पेटी सापडली. तिनं करंगळीचं नख धरलं. पडदा दचकला नाही. छत खचलं, धूळ उडाली, मधोमध एक मोठा दगड येऊन अडकला, एका लाकडाच्या आधारावर तिरका. पलीकडून बायकोचा आवाज आला. “मी इथे आहे. मला लागलेलं नाही. हात दे.” नवऱ्यानं तो ऐकला. कॅमेरा त्याच्या तोंडावर बराच वेळ थांबला होता, ऐकलं नाही असं म्हणायला जागाच नव्हती. मग त्यानं पेटी बाजूला ठेवली, नीट, एखादं मूल ठेवावं तशी. आणि लाथ मारून दगडाखालचं लाकूड पाडलं.

दगड बसला. आवाज बंद झाला. नवरा उन्हात आला.

लेकीच्या हातातलं नेलकटर तसंच राहिलं.

“हे नव्हतं,” ती म्हणाली.

“टीव्हीवाले काहीही घुसवतात.”

“हिरो तोच आहे बाबा. केसही तेच.”

बाबांनी पडद्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. “फिल्मची पट्टी खराब होती तेवढ्या जागी,” ते म्हणाले. “चार मिनिटांचा तुकडा. कापला.”

“आत्ता तर धडधाकट दिसतेय.”

“परत पाठवताना जोडून दिला होता. दुसऱ्याची वस्तू.”

तिनं करंगळीचं नख कापलं. टॉवेलनं पाय टिपला, बोटांच्या बेचक्यांतून, आणि दुसरा पाय उचलून मांडीवर घेतला. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली.

“तुम्ही म्हणाला होतात, ती राहिली.”

“कोण?”

“दोघीही.”

बाबांनी परत खिडकीकडे बघितलं. पाय मात्र त्यांनी काढून घेतला नाही. तिनं अंगठ्यापासून सुरुवात केली. जाहिराती एकामागून एक येत राहिल्या.

“किती वाजले?” बाबांनी विचारलं.

“तीन.”

“बस चारची ना?”

“मी जाणार नाहीये बाबा. बत्तीस वर्षांत ती आली का एकदा तरी? मग मी कशाला जाऊ?”

बाबांनी टीव्ही बंद केला. खोलीत पंख्याचा आवाज उरला.

“आली होती,” ते म्हणाले. “हा सिनेमा लागायच्या आदल्या बुधवारी. तुला न्यायला. तू वर कॅबिनमध्ये वही काढून बसली होतीस. मी जिन्याखालच्या दाराला आतून कडी घातली. ती बाहेरून दार वाजवत होती. तुझं नाव घेत होती.”

तिनं वर बघितलं नाही. “मग?”

“मग वर आलो. एक मशीन चालूच होतं. दुसरंही सुरू केलं. रिकामंच. तुला ऐकू जाऊ नये म्हणून.”