दणकट
मुलीने गेमिंगसाठी मध्यम किमतीचे दोन लॅपटॉप निवडून काउंटरवर शेजारीशेजारी ठेवायला लावले. वडील एकाचं झाकण उघडमीट करून बिजागरी तपासत होते. "टिकाऊ दाखवा," ते दुकानदाराला म्हणाले, "आजकालच्या वस्तूंत दम नसतो." "आधीचा कशाने गेला?" दुकानदाराने सहज विचारलं. वडिलांची बोटं झाकणावरच थिजली. हाका मारूनही ती खेळ सोडून जेवायला उठली नाही, म्हणून त्यांनीच तो तिच्या मांडीवरून हिसकावून फरशीवर आपटला होता. "माझ्या हातून पडला," मुलगी म्हणाली. "वेंधळीच आहे मी." वडिलांना मान वर करवेना. दुकानदार हसला. "मग हा डावीकडचा घ्या. दणकट दोन्ही सारखेच, पण हा एकदम हलका. एका हाताने उचलता येतो." तिने तो उचलून पाहिला, वडिलांकडे न बघता खाली ठेवला. "नको," ती म्हणाली, "जड आहे तोच द्या."