हलका पाय

ही सगळी भानगड दोन हजार तेवीस सालची. त्या उन्हाळ्यात कृष्णकांतांनी जुनी गाडी विकून हायब्रिड घेतली, आणि ती चालवायला शिकवण्यासाठी वाडीहून मयुरा रोज सकाळी प्रताप नगरला येऊ लागली.

“चाळीस वर्षं गाडी चालवताय. आता काय शिकायचं राहिलं?” अरुंधतीने नवऱ्याला विचारलं.

“चालवणं वेगळं आणि ॲव्हरेज काढणं वेगळं. हिला गिअर नाही, क्लच नाही. सगळा खेळ पायाचा,” ते म्हणाले. “मयुराचा पाय काय हलका आहे, बघायला हवंस.”

अरुंधतीची तव्यावरची पोळी करपली.

मयुरा पस्तिशीची, ठेंगणी, हसरी. एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकवायची. ती येण्याआधीच सहा फुटी कृष्णकांत नवा काळा गॉगल लावून फाटकाशी उभे असत. जुनी गाडी सुरू झाली की घरभर कळायचं. ही बॅटरीवर निघायची, मुकाट्याने. पूजा अर्धी टाकून अरुंधती गॅलरीत पोचेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेलेली असे.

“मीही येते,” ती एकदा म्हणाली.

“वजन वाढलं की ॲव्हरेज पडतं.”

परतल्यावर मात्र फाटकाशी मयुराचं हसू घुमे आणि पाठोपाठ हाक येई, “अगं, बाहेर ये. पडद्यावरचा आकडा वाच बघू.”

“बावीस,” अरुंधती कोरडेपणाने वाचायची.

“बघ, मयुराची कमाल.”

अरुंधतीचा स्वभाव घरात सगळ्यांना ठाऊक होता. मोठ्या जावेच्या संत्रा बर्फीची कोणी तारीफ केली, की आठवडाभरात ती त्याहून सरस बर्फी करून वाढायची. गाडी मात्र ती शिकली नव्हती. लग्नानंतर कधीतरी क्लच आणि ब्रेकमध्ये गोंधळ होऊन तिने फाटक पाडलं होतं. तेव्हापासून “तुम्ही असताना मला काय गरज,” म्हणत ती डाव्या सीटवर बसत आली. ती तिची जागा होती.

एका दुपारी कृष्णकांत झोपलेले पाहून तिने गाडी उघडली. डावी सीट पार मागे सरकवलेली, पाठही रेललेली. पाय पसरून बसते तर बाई. तिथे तिला बसवेना. ती वळसा घालून स्टिअरिंगसमोर बसली. पाय पेडलला नीट टेकले. नवऱ्याच्या त्या जागेवर बसून ती पदराने डोळे पुसत राहिली.

दुसऱ्या सकाळी चपला घालून तीच फाटकाशी उभी होती.

“आजपासून मी शिकणार.”

कृष्णकांत हसले. “तुला नाही जमायचं. पाय हलका लागतो.”

“सरका तुम्ही.”

लर्निंग लायसन्स हातात आलं आणि तिचे धडे सुरू झाले.

“काकू, काहून एवढं दाबून राहिल्या?” मयुरा म्हणायची. “सिग्नल लाल दिसला की दुरूनच पाय काढा. ब्रेक हळू लावला का बॅटरी भरते. अन् राग पायात नका उतरू देऊ, लय पेट्रोल पितो तो.”

“मला कशाचा राग?”

“मले काय माहीत. माह्याकडं तर पाहत बी नाही तुम्ही.”

अरुंधतीने गाडी वळवली. “हे किती ॲव्हरेज काढतात?”

मयुरा खिडकीबाहेर पाहू लागली. “काकाचं राहू द्या. तुमचं पाहा.”

दिवाळीपर्यंत पक्कं लायसन्स आलं. एका सकाळी अमरावती रोडवर, ट्रकांच्या गर्दीतून जाऊन-येऊन तिने सत्तावीसचा आकडा आणला. फाटकाशी थांबून तो तिने नवऱ्याला ऐकवला.

“मयुरापेक्षा जास्त,” ती म्हणाली. “आता तिने यायची गरज नाही.”

“बरं,” ते लगेच म्हणाले.

बाजी मारल्याच्या आनंदात तिने त्या दिवशी संत्रा बर्फी केली, आणि मयुराला द्यायची नाही असं ठरवलं.

मोठी जाऊ पुढे मुलाकडे पुण्याला गेली. बर्फीची चढाओढ तिथेच संपली. कृष्णकांतांची उरलीसुरली नजर पुढच्या वर्षी काचबिंदूने नेली. ते आता डाव्या सीटवर बसतात, लांब पायांसाठी ती पार मागे सरकवून, आणि सिग्नलला गाडी थांबली की आकडा विचारतात. अरुंधती त्यांना दवाखान्यात नेते, संत्र्यांच्या दिवसांत नरखेडला भावाच्या बागेतही नेते. मयुराने वाडीत फक्त बायकांसाठी स्वतःचा क्लास काढला. उद्घाटनाला अरुंधती जरा आखडूनच गेली होती. तिथे पेढा हातावर ठेवताना मयुराने तिला सांगितलं, की पहिल्याच सकाळी काका म्हणाले होते, “डॉक्टरांनी माझं गाडी चालवणं बंद केलंय. मला काही शिकवू नका. नुसतं शेजारी बसवून फिरवून आणा, आणि परतल्यावर फाटकाशी जरा मोठ्याने हसा.”