सात जोड्या

अलिबागच्या सिनेगॉगमध्ये हनोख नवगावकर तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, जुन्या गुंडाळीवरून नवी प्रत उतरवत होते. एकही शब्द आठवणीतून लिहायचा नाही, हा नियम. आधी पाहायचा, मोठ्याने म्हणायचा, मग चर्मपत्रावर लिहायचा. देवाने जग बुडवलं त्या महापुराच्या गोष्टीत त्यांचा बोरू थांबला.

"सिमहा, इथे शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या नावेत घे असं लिहिलंय. मला तर सगळ्यांची एकेकच जोडी आठवते."

"मलाही," मुलगी म्हणाली. "गुंडाळीच चुकली असेल, बाबा. रिवाजाप्रमाणे पुरून टाकू."

"चुकलेली नाही. एकेक जोडीही लिहिलीय, थोडी आधी. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांच्यापुढे दोन हकिगती होत्या. खरी कुठली ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही ठेवल्या."

त्यांचा हात कानामागच्या चकतीकडे गेला. गावात प्रत्येकाला ती होती; दर शुक्रवारी भोंगा झाला की ती सगळ्या गावाच्या आठवणी ताडून पाहायची आणि ज्यांवर एकमत नसे त्या पुसून टाकायची. गावात भांडण म्हणून उरलं नव्हतं.

सिमहाने गुंडाळीचं मखमली आवरण उचललं. त्यावर तिच्या आईचं जरीकाम होतं. हनोखनी तेही सवयीने मोठ्याने वाचलं. "आमच्या दोन्ही मुली, सिमहा आणि येरुशा, यांच्या नावे अर्पण."

"बाबा, येरुशा कोण?"

"माहीत नाही." हनोखनी त्या नावावर बोट ठेवलं. "तिच्याबद्दल गावाचं एकमत झालं नसणार."

बाहेर शुक्रवारचा भोंगा झाला. सिमहाने त्यांच्या हातातला बोरू ओढून घेतला आणि आवरणावरची ओळ, एकेक शब्द मोठ्याने म्हणत, आपल्या तळहातावर उतरवू लागली.